उद्घाटनाच्या दिवशी काळे कपडे

आमच्या लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकूंनी मला एकदा अगदी काळजीने विचारलं होतं, "तुला शनीचं काही सांगितलंय का गं कोणी?"

मी नाही म्हटलं.

"मग रोज काळंच का घालतेस?"

दुसरा मजला येईपर्यंत याचं उत्तर देऊन होण्यासारखं नव्हतं. मी हसले, त्यांनी मान हलवली, आणि त्यानंतर त्या माझ्यासाठी शनिवारी मारुतीला तेल वाहतात असं मला आईकडून कळलं.

खरं तर गोष्ट साधी आहे. मी गॉथ आहे. एका प्रकारचं संगीत असतं, संथ, खोल आवाजाचं, उदास व्हायला न लाजणारं. ते ऐकणारी माणसं जगभर साधारण एकाच तऱ्हेने राहतात: काळे कपडे, डोळ्यांभोवती भरपूर काजळ, चांदीच्या जाड अंगठ्या, घोट्यावर येणारे बूट. कॉलेजात वरच्या वर्गातल्या एका मुलीने मला पेन ड्राइव्हवर ही गाणी दिली. ती पुढे परदेशात निघून गेली आणि मी बडोद्यात, मे महिन्याच्या उन्हात, गालांवर ओघळलेल्या काजळासकट राहिले. दिवसा मी औषधांच्या खोक्यांवरची डिझाइनं करते. तिथे सगळं पांढरं आणि निळं असतं.

आमचं मूळ घर जुन्या शहरातल्या घडियाळी पोळमधलं, आता निजामपुऱ्यात फ्लॅट आहे. आईचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. 'आपण शिस्तीची माणसं' हे वाक्य त्यामुळे घरात अजून बोललं जातं, आणि हल्ली ते बहुतेक वेळा माझ्या कपाटाकडे बघून बोललं जातं. आई वर्षातून एकदा काळी साडी नेसते, संक्रांतीला. एरवी काळा रंग तिला घरात नको असतो. माझे कपडे ती वेगळे वाळत घालते, आतल्या दोरीवर, समोरच्या इमारतीतून दिसणार नाहीत असे.

माझ्यासारखी आणखी माणसं गुजरातेत आहेत हे मला फोनवरच्या एका ग्रुपमुळे कळलं. अहमदाबाद, आणंद, भरूच, सुरत, कुठून कुठून लोक जमले होते. बडोद्यातली माझ्याखेरीज एकच होती, बँकेत काम करणारी एक गुजराती मुलगी. तीच पुढे माझी जवळची मैत्रीण झाली. तिच्या घरी काळं घालायची सोय नव्हती. रविवारी ती फिकट सलवार-कमीज घालून, मोठी पिशवी घेऊन आमच्याकडे यायची, माझ्या खोलीत कपडे बदलायची, मग आम्ही कुठेतरी कॉफी प्यायला जायचो. परत आल्यावर ती तोंड खसखसून धुवायची आणि पुन्हा फिकट होऊन घरी जायची. आई तिला कधी काही बोलली नाही. दोघींना चहा द्यायची आणि दार ओढून घ्यायची.

परदेशात गॉथ लोक वर्षातून एखादा दिवस ठरवून एखाद्या मोठ्या थीम पार्कमध्ये जमतात. पार्कवाल्यांचा त्याच्याशी काही संबंध नसतो. ही मंडळी आपापली तिकिटं काढतात आणि त्या सगळ्या रंगीबेरंगी गर्दीत काळ्या कपड्यांत पाळण्यांवर बसतात, आइस्क्रीम खातात. त्याचे फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकले आणि लगेच सगळ्यांना ते इथे करायचं होतं. सुरतचा एक दंतवैद्य, ज्याला आम्ही नुसतं डॉक्टर म्हणायचो, तो तर रोज विचारू लागला, "कधी जायचं?" पार्क करजणच्या रस्त्याला, म्हणजे बडोद्याला जवळ, त्यामुळे सगळं जमवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते आनंदाने घेतलं, हे कबूल करते. उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत, झाल्यानंतरचा रविवार धरला. पतंग उडवून लोक दमलेले असतात, गर्दी कमी असेल, आणि थंडीत बूट घालून घाम येणार नाही, असा माझा हिशेब.

पार्कला मी आधी फोन केला होता, कारण वीसएक माणसं एकदम दाराशी गेली तर उगाच गोंधळ नको.

"कयो समाज?" पलीकडच्या माणसाने विचारलं.

"समाज नाही. आम्ही मित्र आहोत."

"कंपनी?"

"नाही."

"शाळा?"

"अहो, नाही. मित्र. फ्रेंड्स."

"बेन, मित्र तो बधा होय," तो म्हणाला. मित्र काय, सगळेच असतात. तरी त्याने शेवटी या म्हणून सांगितलं. त्या दिवशी तिथे आणखी काय आहे ते त्याने सांगितलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. सुचणार तरी कसं?

रविवारी सकाळी मैत्रीण नेहमीसारखी आमच्याकडे आली. आम्ही दोघींनी चांगला तास-दीड तास घालवून तयारी केली. तिने तिच्या आजीच्या जुन्या काळ्या शालीचा लांब घेराचा घागरा शिवून घेतला होता, त्याला खाली बारीक आरसे. मी आजवर पाहिलेला तो सगळ्यात सुंदर गॉथ पोशाख होता आणि तो कच्छी होता. आई दारात येऊन बघून गेली. मला म्हणाली, "संक्रांत झाली ना आता?" मग मैत्रिणीच्या घेराला हात लावून तिला गुजरातीत म्हणाली, "काम छान केलंय." मला तेवढंही कधी मिळालेलं नव्हतं.

आम्ही बडोदा-अहमदाबादची मंडळी टेम्पो ट्रॅव्हलर करून निघालो. सुरत-भरूचकडची करजणला चहाच्या हॉटेलवर भेटली. तिथे फाफडा खाणारे लोक खाणं थांबवून आमच्याकडे बघत राहिले. एका आजोबांनी उठून येऊन विचारलं, "नाटक छे?" डॉक्टरने काळी लिपस्टिक लावलेल्या तोंडाने "हा दादा" म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांचं समाधान झालं आणि बाकीच्यांचंही. आम्ही हसत होतो. कितीतरी जण एकमेकांना पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होते. आणंदची एक मुलगी मला मिठी मारून म्हणाली की माझ्या गावात मी एकटीच आहे, मला वाटायचं की माझ्यातच काहीतरी बिघाड आहे. त्या हॉटेलवरची ती वीस मिनिटं फार चांगली होती. नंतर मी त्या दिवसाबद्दल कितीही चिडले तरी ती मी बाजूला काढून ठेवते.

पार्कच्या दारावर झेंडूच्या माळा होत्या. बाजूला मांडव, मांडवात खुर्च्या, आणि तीन-चार पोलीस गाड्या. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा पहारेकऱ्याने लांबूनच हात वर केला.

"उभा रहो, उभा रहो. शेनो विरोध छे?"

कशाचा विरोध म्हणून विचारतोय ते मला आधी कळलंच नाही. विरोध? मग पोलीस आले, त्यांच्यामागे टाय लावलेला एक तरुण माणूस घाईने आला. तो पार्कचा मॅनेजर. त्याने सांगितलं ते असं: दुपारी नव्या मोठ्या पाळण्याचं उद्घाटन होतं. त्यासाठी कुणी मोठे पाहुणे यायचे होते. आणि असे पाहुणे येतात त्या ठिकाणी काळं काहीही चालत नाही, कारण काळा झेंडा, काळी फीत, काळा रुमाल, सगळा निषेधच समजला जातो. एका बाईंच्या पर्समधली काळी ओढणीसुद्धा त्यांनी सकाळी काढून ठेवून घेतली होती. आम्ही तर वीस माणसं डोक्यापासून पायापर्यंत काळी.

"आमचा कशालाच विरोध नाही," मी म्हटलं. "आम्ही पाळण्यात बसायला आलोय."

"मग काळं का घातलंय?"

"रोजच घालतो."

"रोज?" त्याने आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "बधा?"

मी त्याला गाणी, पोशाख, परदेशातले दिवस, सगळं सांगितलं. गुजरातीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. तो ऐकत होता, मान हलवत होता, आणि त्यातलं एक अक्षरही त्याच्या उपयोगाचं नव्हतं. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो दर मिनिटाला पोलिसांकडे बघत होता. "मॅडम, मला कळतंय," तो म्हणाला, "पण माझी नोकरी जाईल. तुम्ही कपडे बदला, मी तुम्हाला लगेच आत घेतो."

"दुसरे कपडे आणलेले नाहीत."

यावर त्याचा चेहरा उजळला. त्याने आत फोन केला आणि एक मोठं खोकं आलं. त्यात पार्कचे टी-शर्ट होते, हळदीसारखे पिवळे, छातीवर गॉगल घातलेला हत्ती. "फुकट," तो म्हणाला. "आमच्याकडून."

मला खात्री होती की कुणी हात लावणार नाही. आपण एवढ्या लांबून ज्यासाठी आलो ते एका पिवळ्या टी-शर्टासाठी कोण सोडेल? मी मागे वळून तसं म्हणायला तोंड उघडलं तर डॉक्टर खोक्यात हात घालून आपला साईझ शोधत होता.

"अरे!" मी म्हटलं.

"काय अरे? वरून घालायचा. आत काळंच आहे ना?" त्याने टी-शर्ट अंगात घातला, हत्ती पोटावर नीट ओढला. "मी पहाटे उठून आलोय. मला त्या मोठ्या पाळण्यात बसायचंय."

"मग तू कधीही येऊ शकला असतास. त्यासाठी आम्ही कशाला?"

"तुमच्याबरोबर बसायचंय म्हणून," तो म्हणाला, आणि हे तो मनापासून म्हणत होता, त्यामुळे मला आणखी राग आला.

त्याच्यामागून अहमदाबादची मुलं गेली. मग भरूचची. कुणी हसत, कुणी माझ्याकडे न बघता. पोलीसबाईंनी बायकांना ओल्या रुमालांचं पाकीट दिलं, "आंखनुं जरा ओछुं करो," डोळ्यांचं जरा कमी करा म्हणून. आणंदच्या मुलीने काजळ पुसलं. पुसताना ती मला म्हणाली, "सॉरी दीदी, परत यायला मिळणार नाही मला."

मैत्रीण खोक्यापाशी गेलीच नव्हती. मी टी-शर्ट तिच्यासमोर धरला, कारण एव्हाना आम्ही दोघी आणि दोन-तीन जणच उरलो होतो आणि मला वाटलं की आता हट्टाला अर्थ नाही. तिने तो माझ्या हातातून घेतला, घडी केली आणि परत खोक्यात ठेवला.

"घरच्यांसाठी बदलते," ती म्हणाली. "बँकेसाठी बदलते. तुझ्याकडे बदलते. इथेसुद्धा बदलू?"

ती ओरडली नाही. मॅनेजरला वाटलं असावं की आम्ही साईझबद्दल बोलतोय. "एक्सएल पण आहे," तो म्हणाला.

ती जाऊन टेम्पो ट्रॅव्हलरच्या पायरीवर बसली. उरलेले दोन-तीन जणही शेवटी आत गेले. मी दाराशी उभी राहिले. सगळं जमवणारी मी, माणसं आत, आणि मला आत जायला हरकत फक्त एका टी-शर्टाची. खरं सांगायचं तर गेले असते. तत्त्व वगैरे मला त्या क्षणी आठवत नव्हतं. पण तिला तिथे एकटीला सोडणं शक्य नव्हतं, म्हणून मी जाऊन तिच्या शेजारी बसले.

पार्किंगमध्ये एक कडुलिंब होता. त्याच्याखाली आम्ही दुपारभर बसलो. आतून पाळण्यांचा आवाज यायचा, मग एकदम सगळ्यांची किंकाळी, मग पुन्हा तोच खडखडाट. दर वेळी वाटायचं, त्यात आपलेही असतील. मी आईला फोन केला. का केला ते माहीत नाही, कुणावर तरी चिडायचं होतं.

"बरं झालं," आई म्हणाली. "मी रोज सांगते."

मी फोन ठेवला. दहा मिनिटांत तिचाच आला. "सावलीत बसलायत ना? आणि त्या पोरीने काही खाल्लं का?" मी म्हटलं, नाही खाल्लं. "त्या माणसाला म्हणावं, आमच्या घरचे फौजेत होते, आम्ही काय दंगा करणारी माणसं आहोत?" मी म्हटलं, आई, ते मी त्याला कुठे सांगू. "सांग ना, काय हरकत आहे?" ती म्हणाली आणि मग पोलिसांवर, पाहुण्यांवर आणि एकूण पाळण्यांवरच इतकी चिडली की मलाच तिला शांत करावं लागलं. मैत्रीण शेजारून ऐकत होती. पार्कच्या दारातून परत फिरल्यापासून ती पहिल्यांदा तेव्हा हसली.

पाहुणे आलेच नाहीत. दुपार कलल्यावर पोलीस गाड्या एकामागून एक निघून गेल्या आणि मांडववाल्यांनी खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात केली. मॅनेजर स्वतः चालत आमच्याकडे आला. टाय सैल झाला होता. "मॅडम, प्रोग्राम कॅन्सल. आता तुम्ही या ना. असेच या."

"असेच?"

"हो. आता काही प्रॉब्लेम नाही."

सकाळपासून आतापर्यंत आमच्यात काय बदललं होतं? त्याला हे विचारावंसं वाटलं, पण तो इतका दमलेला दिसत होता की मी विचारलं नाही. आम्ही आत गेलो. बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता. मोठ्या पाळण्याची रांग बंद केली होती. नवा पाळणा उद्घाटनाशिवाय सुरू करता येत नव्हता, त्याच्याभोवती फीत तशीच बांधलेली. मैत्रीण म्हणाली, निदान भूतबंगल्यात तरी जाऊ. आपल्या हक्काची जागा. तर भूतबंगल्याच्या दाराला कुलूप. बाहेर चार माणसं पिवळे टी-शर्ट घालून शेंगदाणे खात बसली होती.

"आज बंद," त्यातला एक म्हणाला. "आमचे ड्रेस काळे आहेत ना."

मैत्रीण मटकन कट्ट्यावर बसली. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती, आणि मग थोडी रडलीसुद्धा. भुतांनी आम्हाला शेंगदाणे दिले. त्यांच्यातल्या एकाने तिच्या घेरावरचे आरसे बघून विचारलं, "क्यांथी लीधुं?" कुठून घेतलंत? "माझ्या आजीचं," ती म्हणाली, आणि त्याला शिवण उलगडून दाखवत बसली. दिवसभरात आमच्या कपड्यांबद्दल कुणी विचारलेला तो एकच सरळ प्रश्न.

बाकीचे आम्हाला मॅगीच्या गाड्यापाशी सापडले, पिवळे, पाण्याच्या खेळांत ओलेचिंब झालेले आणि खूश. डॉक्टरने सगळ्यांना गोळा करून फोटो काढला. त्या फोटोत पिवळ्या घोळक्याच्या टोकाला आम्ही दोघी काळ्या उभ्या आहोत. आमचे चेहरे बघून कुणालाही वाटेल की हाच तो निषेध.

डॉक्टरने त्याच संध्याकाळी फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'मस्त दिवस.' मी त्याला फोन केला आणि मनात होतं ते सगळं बोलले. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुला फिरायला जायचं होतं की भांडायला?"

"मला तिथे तसंच जायचं होतं. जशी आहे तशी."

"मी नव्हतो का माझ्यासारखा?" तो म्हणाला. "मी आठवडाभर पांढरा कोट घालतो. एक दिवस पिवळा घातला. गाणी तीच ऐकतो ना?"

याला उत्तर असेल, नक्कीच असेल, पण मला ते तेव्हा सापडलं नाही आणि नंतरही मनासारखं सापडलेलं नाही. मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, त्याला घरी कपड्यांवरून कुणी काही बोलत नाही, म्हणून त्याला ते सोपं जातं. तेही खरं आहे. दोघंही बरोबर असतील तर मग माझी एवढी चिडचिड नेमकी कुणावर, हे मला अजून ठरवता येत नाही. मॅनेजरवर म्हणावं तर तो बिचारा. पाहुण्यांवर म्हणावं तर ते आलेच नाहीत.

उन्हाळ्यात मैत्रिणीची राजकोटला बदली झाली. तिथे ती एकटी राहते आणि खोलीत काय घालावं हे तिला कुणी सांगत नाही. बडोद्यात आता मी एकटीच आहे. ग्रुपवर बोलणं कमी झालंय. डॉक्टर मात्र थांबलेला नाही. आता तो म्हणतो, सुरतला समुद्रावर जमू. वाळू काळी आहे, दार नाही, पहारेकरी नाही. आणंदची मुलगी लगेच हो म्हणाली. या वेळी जमवायचं काम त्याने स्वतःच घेतलंय, बहुधा माझ्या स्वभावाला घाबरून.

मी 'बघू' म्हणून लिहिलं आहे.